भाडं कशाचं?

घर भाड्याने देताना आपण पुष्कळ प्रश्न विचारतो. नोकरी कुठे, गाव कुठलं, गाड्या किती, ॲडव्हान्स कधी देणार, आणि माणसं किती. शेवटच्या प्रश्नाला समोरचा सांगतो, "आम्ही दोघं आणि एक लहान मुलगी." आपण मान डोलावतो, 11 महिन्यांचा कागद होतो, किल्ली दिली जाते. पण त्या उत्तरात दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात, की ही तीन माणसं पुढेही तीनच राहणार. कुणाची आई अंथरुणाला खिळणार नाही, कुणाची बहीण नवऱ्याचं घर सोडून येणार नाही, कुणाचा भाचा कॉलेजसाठी शहरात येणार नाही. असा संसार मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमच्या बेळगावात, शहापूर असो, अनगोळ असो की टिळकवाडी, खाली मालक आणि वर भाडेकरू अशी घरं गल्लोगल्ली आहेत. उताऱ्यावर नाव बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं असतं. पण दिवसभर घरात असते ती बाई. त्यामुळे वर नवीन माणूस आलं हे पहिल्यांदा कळतं ते तिलाच. जिन्यात चपलांचा एक जोड वाढतो. दोरीवर अनोळखी लुगडं वाळत पडतं. दुधाची एक पिशवी जास्त येते. मोटर रोजच्यापेक्षा लवकर लावावी लागते. मग रात्री जेवताना ती नवऱ्याला सांगते, "वरच्यांच्याकडं कोणतरी आलंय बघा, जायचं लक्षण दिसत नाही." म्हणून हा प्रश्न मला आपल्या बायकांचा वाटतो. भाडं ठरवतात पुरुष. पाहुणा मोजतो आपण.

पाहुण्याबद्दल आपल्या भाषेत म्हण आहेच. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. पण ही म्हण ज्याच्या घरी पाहुणा उतरतो त्याने म्हणायची आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्याने ती म्हणावी का, हा खरा प्रश्न आहे. घर आपलं, संसार त्यांचा. मग त्या घरात कोण झोपणार हे ठरवायचा अधिकार कुणाचा?

आधी मालकाच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खोटी नाही. राकसकोपचं पाणी येतं त्या दिवशी टाकी भरून घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची, ही सवय आमच्या पिढीच्या अंगात भिनलेली आहे. तीन माणसांच्या हिशेबाने ठेवलेली टाकी सहा जणांना पुरत नाही. संडासाची टाकी लवकर भरते, जिन्यातला दिवा जास्त जळतो. भाडेकरू बदलताना रंगाचा आणि नळांचा खर्च मालकालाच असतो. शिवाय सगळेच मालक काही चार माड्यांचे धनी नसतात. नवरा गेल्यावर वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषध-पाणी चालवणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना भाडेकरूच्या घरात नवा तरणा पुरुष दिसला की रात्री झोप लागत नाही. त्यांना कुणी संकुचित म्हणू नये.

आणि या भीतीला इतिहास आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता. त्या राज्याच्या 1947 च्या भाडेकायद्यात भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारा त्याच्या कुटुंबातला माणूस पुढे भाडेकरू ठरू शकत असे. भाडं गोठलेलं, माणूस हलत नाही, मालकाची मुलं मोठी झाली तरी त्यांना स्वतःच्या घरात खोली नाही, अशी घरं मुंबई-पुण्यापासून इथपर्यंत सगळ्यांनी पाहिली. म्हणजे भाडेकरूचा पुतण्या वर राहायला आला तर मालकाच्या मनात येई, हा पाहुणा नव्हे, हा पुढचा वारस. त्यात शेतीची आठवण मिसळली. कर्नाटकात 1974 च्या 1 मार्चपासून कूळकायद्याची दुरुस्ती लागू झाली आणि कसणाऱ्याची जमीन झाली. ज्यांनी शतकानुशतकं दुसऱ्याची जमीन कसली त्यांना न्याय मिळाला, हे खरंच. पण ज्या घरांतून जमीन गेली, त्यात आपल्या जैन समाजातली घरंही होती, त्या घरांत एक वाक्य मागे राहिलं: "कुणाला बसू दिलं की ते आपलं राहत नाही." आज 11 महिन्यांचे कागद करताना आजोबांची ती भीतीच बाँडपेपरवर सही करत असते.

मात्र भीती कुठून आली हे कळलं म्हणजे ती आजही तेवढीच खरी आहे असं होत नाही. कायद्यात पोटभाडेकरू ठेवणं आणि नातेवाईक ठेवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेकरू स्वतः घरात राहतो, किल्ली त्याच्याकडे आहे, आणि त्याने आईला आणून ठेवलं, तर साधारणपणे त्याला पोटभाडं म्हणत नाहीत. त्याने स्वतः घर सोडलं आणि मेहुण्याच्या ताब्यात देऊन भाडं तेवढं पाठवत राहिला, तर मात्र गोष्ट वेगळी. केंद्र सरकारने 2021 साली भाड्याच्या घरांसाठी नमुना कायदा मंजूर केला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण त्यात दिशा दिसते. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही, असं तो भाडेकरूला सांगतो. राहत्या घराचा ॲडव्हान्स दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचा नाही, आणि भांडण झालं तरी पाणी-वीज तोडायची नाही, असं मालकाला सांगतो. "मोटर बिघडलीय" म्हणून चार दिवस वरचं पाणी बंद ठेवण्याची युक्ती आपल्याकडे किती जणांना माहीत आहे हे मी वेगळं सांगायला नको.

पण कायदा एवढंच सांगतो की काय केलं तर कोर्टात टिकेल. काय केलं तर मनाला टिकेल, हे शोधायला मी आपल्या व्रतांकडे वळते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रत स्थिर राहावं म्हणून पाच-पाच भावना सांगितल्या आहेत. दिगंबर परंपरेच्या पाठात अचौर्य व्रताच्या पाच भावना येतात. मुनींनी गुहेसारख्या ओस जागी राहावं, कुणी सोडून दिलेल्या वास्तूत राहावं, भिक्षेची शुद्धी राखावी, साधर्मींशी वाद घालू नये. आणि या चारांच्या मधोमध एक आहे: आपण जिथे राहिलो तिथे दुसरा कुणी राहायला आला तर त्याला अडवू नये. दशलक्षणात बस्तीमध्ये हा अध्याय वाचला जातो तेव्हा हे शब्द आपल्या कानावरून जातात. मला त्यातलं आश्चर्य वेगळंच वाटतं. दुसऱ्याला जागा न देणं ही निर्दयता आहे, असं आपण म्हणू. मग ही गोष्ट अहिंसेच्या भावनांत का नाही? ती चोरी न करण्याच्या व्रताखाली का ठेवली?

मला सुचलेलं उत्तर असं. मुनींची ती गुहा त्यांची नसतेच. जे आपलं नाही ते आपलं म्हणून अडवून धरणं, ही चोरीच झाली. चोरी म्हणजे अदत्तादान. न दिलेलं घेणं.

आता कुणी म्हणेल, मुनींचा नियम गृहस्थाला कसा लावता? बरोबर आहे, जसाच्या तसा लावता येत नाही. माझं घर गुहा नाही. सासऱ्यांनी कर्ज काढून बांधलेलं आहे आणि त्याची घरपट्टी आम्ही भरतो. गृहस्थाचं व्रत अणुव्रत आहे, त्याला घर असायला मुभा आहे. पण अदत्तादान हा शब्द गृहस्थालाही तेवढाच लागू आहे. म्हणून भाड्याच्या घराबाबत विचारायचा प्रश्न हा: किल्ली देताना नेमकं काय दिलं, आणि काय दिलं नाही?

माझ्या मते आपण भिंती देतो, आणि त्या भिंतींच्या आत संसार करण्याची मोकळीक देतो. भाडं त्या दोन्हींचं आहे. नुसत्या भिंतींचं असतं तर गोदामाला आणि घराला एकच दर लागला असता. संसार म्हटला की त्यात जन्म आला, आजारपण आलं, सुनेचं येणं आलं, म्हाताऱ्या माणसाचं येणं आलं. ही मोकळीक एकदा भाडं घेऊन देऊन टाकली आणि मग "तुमच्या आईला किती दिवस ठेवणार?" असं जिन्यात उभं राहून विचारलं, तर विकलेल्या वस्तूतला तुकडा परत काढून घेण्यासारखं ते झालं. भाडं पूर्ण, मोकळीक अर्धी. हे मालकाचं अदत्तादान.

भाडेकरूचंही असतं. त्याला स्वतःच्या संसारासाठी घर दिलं होतं. त्याने "माझे मावसभाऊ" म्हणून तीन विद्यार्थी ठेवले आणि प्रत्येकाकडून महिन्याला पैसे घेतले, तर त्याने न दिलेलं घेतलं. स्वतः दुसरीकडे फ्लॅट घेऊन इथे चुलतभावाला बसवलं, तरी तेच. आणि पाणी, मोटर, टाकीचा उपसा यांवरचा जास्तीचा भार मालकावर ढकलून गप्प बसला, तर तेही लहान प्रमाणात तेच. नात्याचं नाव पुढे केल्याने चोरी धुतली जात नाही.

असा विचार केला की मला पुष्कळ गुंते सुटतात. चार दिवसांचा पाहुणा, सणाला आलेली नणंद, बाळंतपणाला आलेली आई, यांच्याबद्दल मालकाला विचारायचंच काही नाही. आई-वडील, अपंग भाऊ, निराधार बहीण कायम राहायला आले, तर भाडेकरूने सांगायचं आणि मालकाने ऐकायचं. नात्याच्या आडून धंदा किंवा ताबाबदल असेल, तर मालकाने नाही म्हणायचं, आणि त्याला कुणी निर्दय म्हणू नये. वाढीव पाणी-विजेचे पैसे जरूर मागावेत, मोजून मागावेत. पण एक म्हातारी वर आली म्हणून महिन्याचं भाडंच हजार रुपयांनी वाढवणं मला पटत नाही. तिच्या राहण्याने भिंत झिजत नाही. ते भाडं भिंतीचं नसून भाडेकरूच्या अडचणीचं असतं.

यात सगळ्यात अवघड भाग सांगण्याचा आणि ऐकण्याचा. आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते. एका घरी वरच्या मजल्यावर एक तरुण शिक्षिका आणि तिचा नवरा राहत. दिवाळीला तिची धाकटी बहीण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तुळशीचं लग्न झालं, शाळा सुरू झाल्या, ती परत गेली नाही. मग एके दिवशी दोरीवर छोटासा शाळेचा गणवेश वाळत पडला. मालकिणीला सगळं समजलं. वर काय घडलंय हेही समजलं असणार, बाईला बाईचं समजतंच. पण ती काही बोलली नाही. शिक्षिकेलाही मालकिणीला समजलंय हे समजलं होतं. तीही काही बोलली नाही. दोन महिने जिन्यात भेटल्यावर दोघी "जेवण झालं?" म्हणत राहिल्या. संक्रांतीला तीळगूळही देऊन झाला. आणि आठवड्याभराने वरती निरोप गेला, "घर रंगवायचं आहे, महिनाअखेरीला खाली करा." त्या चौघांना मिळेल तिथे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागलं. त्या लेकराची शाळा वर्षाच्या मध्यात दुसऱ्यांदा बदलली. घर काही त्या उन्हाळ्यात रंगवलं गेलं नाही.

मालकीण वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिला भीती होती की आज बहीण आली, उद्या तिचा नवरा दारू पिऊन दारात येईल, पोलीस येतील, गल्लीत बोलबाला होईल. ही भीती तिने बोलून दाखवली असती तर उत्तर देता आलं असतं. शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात खाली येऊन "काकू, असं असं झालंय, तिला थोडे महिने राहू दे" म्हटलं असतं तर मालकिणीला नाही म्हणणं जड गेलं असतं. एकीने लपवलं आणि दुसरीने सबब सांगितली. सत्य हे आपलं दुसरं अणुव्रत, दोघींच्या घरांत ते दिवसभर जिन्यावरच बसून राहिलं, आणि त्याची किंमत दिली तिसरीनेच, जी सहा वर्षांची होती.

आणखी दोन गोष्टी आपल्याच समाजातल्या आहेत म्हणून त्या बोलल्या पाहिजेत.

पहिली. भाडेकरूकडे म्हातारी आली की आपला पहिला प्रश्न असतो, "कुणाची आई? त्यांची का तिची?" त्यांची असेल तर ठीक, आई मुलाकडे राहणारच. तिची असेल तर नाक मुरडलं जातं, "जावयाच्या घरी किती दिवस राहायचं?" 2007 साली झालेल्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही आई-बापांची जबाबदारी सारखीच ठेवली आहे. संसदेला जे मान्य झालं ते आपल्या जिन्यात अजून मान्य व्हायचं आहे. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या आपणही कुणाच्या तरी लेकी आहोत, आपल्यापैकी कित्येकींना मुलीच आहेत.

दुसरी गोष्ट शाकाहाराची. आपण घर देताना ती अट घालतो. मीही घातली आहे. आपल्या घरात हिंसेचा स्वयंपाक होऊ नये असं वाटणं हे नुसतं सोवळं नव्हे, ती श्रद्धा आहे. आणि अट आधीच सांगितली तर समोरच्याला दुसरं घर पाहायची मोकळीक राहते. पण काही ठिकाणी मी पाहिलं आहे की भाडेकरू दोघं अट पाळत असतात, वर्ष-दोन वर्षं तक्रार नसते, आणि नवऱ्याची आई गोव्याहून आली की मालकीण विचारते, "ह्या मासे खात असतील की हो?" त्या म्हाताऱ्या बाईने आयुष्यभर काय खाल्लं हा आपला प्रश्न नाही. आपल्या घरात काय शिजेल एवढाच आपला प्रश्न, आणि त्याचं उत्तर कागदावर आधीच आहे. तिच्या आयुष्यभराच्या ताटाची चौकशी करून तिला घराबाहेर काढायचं, यात कुठल्या जिवाचं रक्षण झालं ते मला कळत नाही.

चातुर्मासात मुनिसंघ गावात असला की आपण पहाटे उठून चौका लावतो, शुद्ध वस्त्र नेसून कलश हातात घेऊन दारात उभ्या राहतो. महाराज आपल्या दारी थांबावेत म्हणून जीव कासावीस होतो. अतिथिसंविभाग हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक, आणि ते आपण मनापासून पाळतो. वरच्या मजल्यावर काठी टेकत चढणारी म्हातारी म्हणजे महाराज नव्हेत, आणि ती आपली अतिथीही नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या मुलाची किंवा मुलीची ती आई आहे, आणि ते तिच्यासाठी जे करत आहेत ते त्यांचं व्रत आहे. आपल्याला त्यासाठी एक घास काढून ठेवायचा नाही. फक्त मध्ये यायचं नाही. सूत्रात म्हटलं आहे तेही एवढंच: अडवू नये.

तरीही सगळं सुटतं असं नाही. भाड्यावर जगणाऱ्या त्या एकट्या बाईला मी काय सांगू? तिच्या वरती भाडेकरूचा बेकार, भांडखोर भाऊ येऊन राहिला, तर भाडेकरूची जबाबदारी खरी आहे आणि तिची भीतीही खरी आहे. तिथे मी तिच्या बाजूने उभी राहीन. दुसऱ्याच्या नात्याचा मान राखताना एकट्या बाईने रोज रात्री दाराला आतून पाटा लावून झोपावं, असं कुठलंच व्रत मागत नाही. पण तिनेही रंगकामाची सबब सांगू नये. "मला भीती वाटते, त्याची दुसरीकडे सोय करा, मी दोन महिने थांबते," असं चार माणसांसमोर म्हणावं. खरं कारण सांगितलं की समोरच्याला त्यावर उपाय शोधता येतो. सबबीवर उपाय नसतो.

शाळा सुटल्या की मे महिन्यात आमच्याकडे घरं बदलण्याची गडबड सुरू होते. त्या वेळी किल्ली देण्याआधी एक प्रश्न जास्त विचारावा असं मला वाटतं. माणसं किती, एवढ्यावर न थांबता विचारावं, "तुमच्या जबाबदारीची माणसं कोण कोण आहेत? उद्या कुणाला आणावं लागेल का?" गावी एकटे वडील आहेत, धाकटी बहीण शिकतेय, सासूबाईंना दिसत नाही, जे असेल ते समोरचा सांगेल. ते ऐकून जमत असेल तर घर द्यावं, नसेल तर त्याच दिवशी हात जोडावेत. पाणी-विजेच्या जास्तीच्या हिश्श्याची एक ओळ कागदात घालावी. कुणी कायमचं आलं तर आठ दिवसांच्या आत सांगायचं, ही दुसरी ओळ घालावी. आणि सांगितल्यावर पाणी तोडायचं नाही, सबब सांगायची नाही, ही तिसरी ओळ कागदात घालायची गरज पडू नये. ती आपली आपण पाळावी.